नवव्या रकान्यातली मुलगी

निपाणीतल्या एका गल्लीत, गुरुवारी दुपारी दोन-सव्वादोनला, आमच्या दोन विद्यार्थ्यांनी एका छापील फॉर्मच्या नवव्या रकान्यात १२ हा आकडा लिहिला. रकान्याचा मथळा होता, ‘घरात आणखी कोण विड्या वळतं? वय?’ उत्तर आईनं दिलं होतं. मुलगी समोरच बसली होती, अंगावर शाळेचा गणवेश होता. त्या आकड्याचं काय करायचं हे आमच्यापैकी कुणीच आधी ठरवलं नव्हतं. ते ठरवायला तीन दिवस लागले आणि निस्तरायला सबंध सत्र. घर, गल्ली आणि माणसं ओळखू येतील असे तपशील मी बदलले आहेत. चुका मात्र जशा झाल्या तशाच ठेवल्या आहेत, कारण त्यांतली सगळ्यांत मोठी माझी होती.

मी समाजशास्त्र शिकवते. आमचं महाविद्यालय महाराष्ट्राच्या बाजूला आहे, पण वर्गातली बरीच मुलं निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडून येतात, कोणी एसटीनं, कोणी कर्नाटकच्या बसनं. २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीला मुख्य विषयासोबत एक मायनर, म्हणजे दुय्यम विषय, घ्यावा लागतो. (कर्नाटकानं हे धोरण २०२१ साली सगळ्यांच्या आधी लागू केलं आणि २०२४ मध्ये चार वर्षांची पदवी मागे घेतली. त्यामुळे आमच्याकडे एकाच घरातल्या दोन भावंडांच्या पदवीचे आराखडे वेगळे असतात. सीमेवरच्या मुलांना अशा गोष्टींची सवय असते.)

आमच्या मायनरचा विषय आहे नीतिशास्त्र आणि सामाजिक कृती. चौघं मिळून शिकवतो: तत्त्वज्ञानाचे सर, वाणिज्य शाखेत संख्याशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम, कामगारांचे खटले चालवणारे एक वकील आणि मी. वर्गात रसायनशास्त्राची मुलगी, बी.कॉम.चा मुलगा आणि मराठी साहित्याची मुलगी एका बाकावर बसतात. नीतिशास्त्र नुसतं तत्त्वज्ञानाच्या तासाला शिकवलं की मुलं कांट आणि मिल पाठ करतात. सामाजिक कार्य वेगळं शिकवलं की वह्यावाटप आणि रक्तदान शिबिरं होतात. ‘चांगलं काय’ आणि ‘मग आता करायचं काय’ हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाला एकाच वेळी पडल्याशिवाय दोन्हींचा कस लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून या मायनरमध्ये दोन श्रेयांकांचं, म्हणजे ६० तासांचं, प्रत्यक्ष वस्तीतलं काम आहे.

त्या वर्षी आम्ही विडी कामगार बायका हा विषय घेतला. निपाणी म्हणजे तंबाखू. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले आणि ६ एप्रिलला गोळीबार झाला, हे इथल्या मुलांनी आजोबांच्या तोंडून ऐकलेलं असतं. त्याच तंबाखूच्या विड्या वळणाऱ्या आज्यांबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

घरी बसून विड्या वळणारी बाई कायद्यानं कामगार आहे. १९६६च्या विडी व सिगार कामगार कायद्यानं तिला तसं मानलं. १९७६ मध्ये विडी कामगारांच्या कल्याण निधीचा कायदा झाला. १९७७ पासून या उद्योगाला भविष्य निर्वाह निधी लागू झाला, आणि तो घरी वळणाऱ्यांनाही लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये सांगितलं. पण हे सगळं तिच्या दारापर्यंत येतं ते कागदावरून. एक वही असते, तिच्यात किती पानं दिली, किती तंबाखू दिली, किती विड्या घेतल्या याची नोंद होते. वही असेल तर ओळखपत्र, आणि ओळखपत्र असेल तर मुलांना शिष्यवृत्ती. किती घरांत वही आहे, ओळखपत्र आहे, शिष्यवृत्ती येते, एवढंच आम्हाला पाहायचं होतं. नववा रकाना मी शेवटच्या दिवशी घातला. माहिती पूर्ण असावी, एवढाच विचार होता.

फॉर्मच्या वर चार ओळींचं संमतीपत्र होतं, तेही मीच लिहिलेलं. त्यातलं शेवटचं वाक्य असं: ‘तुम्ही सांगाल ते कुणालाही कळणार नाही.’

त्या घरी गेलेल्या दोघांपैकी एक विज्ञान शाखेचा मुलगा, अभ्यासू, थोडा तडकाफडकी. दुसरी बी.ए.ची मुलगी, तिची स्वतःची आई विड्या वळते आणि घर पलीकडच्याच गल्लीत. तिच्यामुळेच त्या भागातली दारं उघडत होती.

तिनं मला नंतर जे सांगितलं ते मी जसंच्या तसं वहीत उतरवून ठेवलं आहे. आई भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर सूप. सुपात एका बाजूला कापलेली पानं, दुसऱ्या बाजूला तंबाखू. पानं रात्रभर ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात, म्हणजे वळताना मोडत नाहीत. पत्र्याचा छोटा फर्मा पानावर ठेवायचा, जाड शीर टाळून कात्री फिरवायची, चिमूटभर तंबाखू पसरायची, दोन्ही हातांच्या बोटांनी गुंडाळायचं, टोक दुमडायचं. आई इथपर्यंत करायची आणि विडी डावीकडे टाकायची. डावीकडे मुलगी. ती दोऱ्याचे दोन वेढे देऊन गाठ मारायची आणि दाताऐवजी बोटाला बांधलेल्या पात्यानं दोरा तोडायची. तिचा वेग आईपेक्षा जास्त होता, त्यामुळे अधूनमधून ती हात रिकामे धरून वाट बघायची. खोलीत तंबाखूची खकाण इतकी की आमच्या मुलाला शिंका आवरेनात.

‘हिचं वय काय, मावशी?’

‘बारा. पर ती वळत न्हाई हां, नुसता दोरा गुंडाळती.’

‘आज शाळा नाही?’

मुलीनं आईकडे बघितलं. आई म्हणाली, ‘पोट दुखतंय तिचं.’

निघताना मुलानं मोबाइलवर सुपाचा आणि हातांचा फोटो काढला. कडेला मुलीचा अर्धा चेहरा आला.

रात्री मला दोघांचेही निरोप आले. मुलानं लिहिलं होतं, ‘मॅडम, उद्या सकाळी १०९८ला, चाइल्ड हेल्पलाइनला, फोन करतोय. तुम्ही हो म्हणालात तर कॉलेजच्या नावानं, नाहीतर माझ्या.’ मुलीनं फोनच केला. ती रडत नव्हती, पण आवाज बसला होता. ‘मॅडम, माझ्या शब्दावर त्यांनी आम्हाला आत घेतलं. उद्या तिथं गाडी आली तर मी त्या गल्लीतनं कशी जाऊ?’

मी मुलाला शनिवारच्या तासापर्यंत थांबायला सांगितलं. थांबणं हाही एक निर्णयच असतो आणि त्याची किंमत ती मुलगी मोजणार होती, हे मला तेव्हाही कळत होतं. मारहाण किंवा लैंगिक अत्याचाराचा पुसटसा संशय असता तर मी एक तासही थांबले नसते. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर २०१२चा पोक्सो कायदा थांबण्याची मुभा देतच नाही, कळलं की कळवायचंच. बालमजुरीच्या १९८६च्या कायद्यात तसं बंधन नाही. त्यात कुणीही तक्रार करू शकतो, केलीच पाहिजे असं नाही. कायदा जिथं ‘शकतो’ म्हणून सोडून देतो तिथं माणसाला स्वतः ठरवावं लागतं. आमचा मायनर नेमका त्या जागेसाठी आहे.

शनिवारी दोन तासांचा वर्ग चार तास चालला.

मुलानं बाजू चांगली मांडली, आणि ती मला आजही पुष्कळशी पटते. तो म्हणाला, इथून शाहू महाराजांचं कागल हाकेच्या अंतरावर आहे. महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलं शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना महिना एक रुपया दंड ठेवला. ते पालक काय श्रीमंत होते? गरिबी बघून महाराज थांबले असते तर आपल्यापैकी किती जण आज या वर्गात असते? आपण समजून घ्यायचं म्हणतोय, तोवर ती सातवीतून गळेल.

बी.ए.ची मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मी चौथीपासून दोरा बांधलाय. तुमच्या फॉर्ममध्ये मी पण नवव्या रकान्यात आहे. तेव्हा कुणी फोन केला असता तर ठेकेदारानं आईची पानं बंद केली असती. दुसऱ्या घराला दिली असती, त्याला काय. दंड त्याला झाला असता की नाही माहीत नाही, उपाशी आम्ही राहिलो असतो.’ थोडं थांबून तिनं पुढं जे सांगितलं त्यानं वर्ग शांत झाला: ‘आणि तरीपण, कुणीतरी विचारायला पाहिजे होतं असं मला आत्ता वाटतंय.’

वकिलांनी कायदा उलगडून दाखवला. विडी-उद्योग १९८६च्या मूळ कायद्याच्या अनुसूचीतच आहे. २०१६च्या दुरुस्तीत शाळेनंतर घरच्या कामाला मदत करायची सवलत आहे, पण घातक कामांना ती नाही. कामाला लावणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणजे कायद्याचा रोख मालकाकडे आहे. पण घरातल्या कामात मालक दिसत नाही. समोर दिसते ती सूप घेऊन बसलेली आई.

कुणीतरी सुचवलं की नववा रकाना सगळ्याच फॉर्ममधून काढून टाकावा. खरं सांगायचं तर शुक्रवारी रात्री माझ्याही मनात ते येऊन गेलं होतं. संख्याशास्त्राच्या मॅडमनी ते उडवून लावलं. विचारायच्या आधी रकाना काढणं ही पद्धत असते, त्या म्हणाल्या, उत्तर आल्यावर काढणं ही लबाडी. पण त्यांनी खरा बाण माझ्या संमतीपत्रावर सोडला. ‘कुणालाही कळणार नाही’ हे वचन द्यायचा आपल्याला अधिकार होता का? १९७९च्या बेलमाँट अहवालापासून संशोधनाच्या नीतीत एक गोष्ट पक्की आहे: माहिती देणाऱ्याला धोका काय ते आधी सांगायचं, मग संमती घ्यायची. मुलांच्या बाबतीत गुप्ततेला मर्यादा आहेत, हे आम्ही त्या बाईला सांगितलंच नव्हतं. तिनं संमती दिली ती एका अशा वचनावर, जे पाळलं तर मुलीचा घात होतो आणि मोडलं तर आईचा. ते वाक्य मी लिहिलं होतं. चांगलं वाटतं म्हणून लिहिलं होतं. वर्गासमोर मी तसं कबूल केलं.

तत्त्वज्ञानाचे सर तोपर्यंत काही बोलले नव्हते. त्यांनी एकच विचारलं: ‘त्या मुलीला कुणी काही विचारलं का?’

चार तासांत कुणालाही ते सुचलं नव्हतं. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारतानं १९९२ मध्ये स्वीकारला. मुलांशी संबंधित गोष्टीत मुलांचं म्हणणं ऐकावं, असं त्याचं बारावं कलम सांगतं. ते आम्ही त्याच सत्रात शिकवलं होतं.

रविवारी सकाळी आम्ही तिघं गेलो: ती मुलगी, तो मुलगा आणि मी. मुलानं मोबाइल पुढं धरला. ‘काकू, तुम्हाला न विचारता फोटो काढला होता. चुकलं माझं. तुमच्यासमोर काढून टाकतो.’ त्यानं तो खोडला. मग मी भरलेला फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला आणि सांगितलं की कुणाला कळणार नाही असं आम्ही लिहिलं ते चूक होतं. मुलगी शाळा बुडवून काम करत असेल तर आम्हाला गप्प बसता येणार नाही. पण तुमच्या मागं काही करणार नाही, जे करू ते आधी तुम्हाला सांगू.

बाई संतापल्या. त्यांचा राग माझ्यावर नव्हता, आमच्या विद्यार्थिनीवर होता.

‘तुझ्या आईच्या मांडीला मांडी लावून वीस वरसं बिड्या वळल्यात मी. आणि तू माझ्या दारात पोलीस आणतीस व्हय गं?’

ती म्हणाली, ‘न्हाई काकी. आणायचे असते तर न सांगता आणले असते.’

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मी मुलीला विचारलं की कधी कधी शाळेत जात नाहीस, ते कोणत्या दिवशी. तिनं लगेच सांगितलं, जणू कुणी विचारायची वाटच बघत होती: माल द्यायचा असतो त्या दिवशी. आठवड्यातनं दोनदा. एरवी जाते. ‘पण गुरुवारी आमचा विज्ञानाचा प्रयोग असतो,’ ती म्हणाली, ‘माझी प्रयोगवही अर्धी कोरी हाय.’

गाठ मग आईनंच सोडली. पानं ओली येतात. ठेकेदार हजार विड्यांची पानं वजनानं देतो, पण ओल्या पानांचं वजन पाण्याचं असतं. पानं मोजून कमी भरतात, हजाराची भरती होत नाही. ‘कमी पडली की पैसं कापत्यात, वरनं बिड्या वाईट म्हणून छाट काढत्यात. उरल्यासुरल्या फाटक्या पानांतनं काढायच्या म्हटल्यावर येळ जातोय. मग दुसरं दोन हात कुठनं आणू?’

तिथून हे प्रकरण आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळ्याच वाटेनं गेलं. परतताना बसमध्ये विज्ञानाचा मुलगा कागदावर आकडेमोड करत होता. सोमवारी रसायनशास्त्राची मुलगी प्रयोगशाळेत परवानगी मागायला गेली. पद्धत साधी होती. पानं मिळाली की लगेच वजन, त्यातली एक मूठ वेगळी वाळवून पुन्हा वजन, आणि शेवटी किती चांगल्या विड्या झाल्या, किती छाट गेल्या त्याची नोंद. नऊ घरांनी आपणहून होकार दिला. यावेळी संमतीपत्र त्या बायकांबरोबर बसून लिहिलं, आणि शेवटचं वाक्य त्यांनी सांगितलं तसं: ‘वहीतले आकडे आमचे, ते कुठं दाखवायचे ते आम्ही ठरवू.’ रोजची नोंद ठेवायचं काम बहुतेक घरांत बायकांनीच केलं. आमची मुलं दोन दिवसांनी जाऊन काटा तपासायची.

दीड महिन्यानं वह्या एकत्र ठेवल्या तेव्हा ओल्या आणि सुक्या वजनातला फरक कुणालाही दिसेल इतका सरळ होता. वकिलांनी कायद्याची बाजू समजावली. त्या बायका वह्या घेऊन एकत्र कारखान्यावर गेल्या. आमची मुलं रस्त्याच्या पलीकडे थांबली, कारण बोलणं त्या बायकांचं होतं. आत काय बोलणं झालं ते मला ऐकीव माहीत आहे, म्हणून लिहीत नाही. पण पुढच्या खेपेपासून पानं कोरडी मिळू लागली. महिनाभर तरी मिळाली. नंतर पुन्हा एक-दोनदा ओली आली, तेव्हा त्या पुन्हा गेल्या.

शाळेचं सांगायचं राहिलं. रविवारी निघताना आम्ही एक अट ठेवली होती: येत्या गुरुवारी मुलगी शाळेत नसेल तर आम्ही मुख्याध्यापिकांना सांगू, आणि तुम्हाला सांगून सांगू. आई स्वतःच सोमवारी गेल्या, सोबत आमची विद्यार्थिनी. मुख्याध्यापिकांना गैरहजेरी दिसत होती, दिवसांचा मेळ लक्षात आला नव्हता. वर्गातल्या आणखी दोघींचे तेच वार निघाले.

शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र अजून अडलेला आहे, आणि त्याचं कारण खास इथलं आहे. वहीत त्या बाईंचं नाव आपल्या पद्धतीनं, आडनाव आधी, मग स्वतःचं, मग नवऱ्याचं. आधारवर कर्नाटकच्या पद्धतीनं स्वतःचं नाव आणि पुढं नवऱ्याचं, आडनाव नाहीच. रेशन कार्डावर कानडीतून इंग्रजीत जाताना एक अक्षर बदललेलं. बँकेत चौथंच. ही चारही माणसं एकच आहेत, असं प्रतिज्ञापत्र करायचं तर एका दिवसाची मजुरी बुडते, आणि एका दिवसात ते होत नाही. आमच्या पाहणीत वही असूनही शिष्यवृत्ती न मिळालेल्या घरांत ही अडचण पुन्हा पुन्हा आली. सीमाप्रश्नावर भाषणं खूप ऐकली. सीमा अशी एका बाईच्या नावातून जाताना मी पहिल्यांदा पाहिली.

सत्राच्या अहवालात विज्ञानाच्या मुलानं आपलं वेगळं मत नोंदवलं आणि आम्ही ते अहवालातच छापलं. त्याचं म्हणणं, फोन गुरुवारीच करायला हवा होता. कोरडी पानं नऊ घरांना मिळाली, पण बारा वर्षांच्या मुलीनं रविवारीही दोरा बांधू नये, हे आपण कुणालाच ठणकावून सांगितलं नाही. त्याला मी उत्तम गुण दिले. त्याच्या आक्षेपाला मला उत्तर देता आलं असं मात्र वाटत नाही. मुलगी गुरुवारी शाळेत असते. रविवारी ती काय करते ते मला माहीत आहे आणि आमच्या विद्यार्थिनीलाही. या वर्षीच्या वर्गासमोर मी हे प्रकरण त्या दोघांच्या मतांसकट ठेवलं आहे, आणि फॉर्म कोरा दिला आहे. प्रत्येक रकान्यासमोर मुलांनी आधी लिहायचं की उत्तर ‘हो’ आलं तर संध्याकाळपर्यंत आपण काय करणार. ज्याच्यासमोर काही लिहिता येत नाही तो प्रश्न विचारायचा नाही.

मागच्या महिन्यात मी त्या घरी गेले होते. बाईंनी त्यांच्या भरलेल्या फॉर्मची प्रत मागितली. मी झेरॉक्स काढून नेली होती. त्यांनी ती उलटीसुलटी बघितली, नवव्या रकान्यावर बोट ठेवलं आणि मुलीला विचारलं, ‘हितं तुझंच लिवलंय न्हवं?’ ती हो म्हणाली. बाईंनी कागदाची चौघडी घातली आणि पानांच्या वहीत मधोमध ठेवून दिली.